वाचकांचे प्रश्न : सॅक्सोफोनचा नवा माउथपीस निवडताना आणि बसवताना

गेल्या काही आठवड्यांत या सदराकडे आलेल्या पत्रांपैकी बरीचशी पत्रे सॅक्सोफोनच्या माउथपीसविषयी, म्हणजे तोंडात धरून फुंकायच्या भागाविषयी, आहेत. त्यांतली पाच पत्रे निवडून, थोडी संक्षिप्त करून, येथे उत्तरांसह देत आहे. पत्रलेखकांची नावे त्यांच्या इच्छेनुसार दिलेली नाहीत.

प्रश्न : मी दोन वर्षांपासून अल्टो सॅक्सोफोन शिकत आहे. वाद्याबरोबर मिळालेला यामाहाचा ४सी माउथपीस वापरतो. आता तो बदलण्याची वेळ झाली असे माझे गुरुजी म्हणतात. दुकानात गेलो तेव्हा ५, ७, सी स्टार अशा क्रमांकांनी गोंधळून परत आलो. मला मनोहारी सिंह यांच्यासारखा मऊ आणि भरीव स्वर हवा आहे. कोणता माउथपीस घ्यावा? (एक वाचक, नाशिक)

उत्तर : मनोहारी सिंह १९५८ साली कोलकात्याहून मुंबईला आले आणि पुढे अनेक दशके हिंदी चित्रपटसंगीतात अल्टोचा स्वर म्हटले की लोकांच्या कानात त्यांचाच स्वर उभा राहत असे. तो स्वर ज्याला हवासा वाटतो त्याचा कान चांगला आहे, एवढे प्रथम सांगतो. मात्र त्या स्वरातला मोठा वाटा फुंकीचा, घशाच्या मोकळेपणाचा आणि स्वर कुठे सोडायचा या समजेचा होता. तो कोणत्याही दुकानात मिळत नाही. माउथपीस त्या वाटेवरची अडचण दूर करू शकतो किंवा नवी अडचण उभी करू शकतो, आणि म्हणून त्याची निवड विचारपूर्वक करावी.

आपण पाहिलेले क्रमांक मुख्यतः एका अंतराविषयी बोलतात : रीडचे, म्हणजे माउथपीसला बांधलेल्या आणि फुंकीने थरथरणाऱ्या पातळ पट्टीचे, टोक आणि माउथपीसचे टोक यांमधली फट. तिला टिप ओपनिंग म्हणतात. अडचण अशी की हे क्रमांक सर्व कंपन्यांत सारखे नाहीत. अल्टोसाठी आपल्या ४सीची फट सुमारे १.६० मिलिमीटर असते. सेल्मरच्या एस८० मालिकेतल्या सी स्टारची १.७० मिलिमीटर, तर मायरच्या ५ क्रमांकाची सुमारे १.८० मिलिमीटर. टेनरचे, म्हणजे अल्टोहून मोठ्या आणि खालच्या स्वराच्या सॅक्सोफोनचे, माउथपीस मुळातच मोठे असल्यामुळे तिथे ऑटो लिंकच्या सात स्टारची फट २.६७ मिलिमीटरपर्यंत जाते, आणि तो आकडा अल्टोच्या आकड्यांशेजारी ठेवून काहीच कळत नाही. तेव्हा दुकानदाराला क्रमांक विचारण्याऐवजी मिलिमीटरमधले माप विचारावे. एक दशांश मिलिमीटरचा फरक कागदावर क्षुल्लक दिसतो, पण ओठाला तो पहिल्याच फुंकीत जाणवतो.

फट मोठी झाली की रीडला हलायला जागा अधिक मिळते. त्यामुळे आवाज मोठा करता येतो आणि ओठाने स्वर वरखाली वळवणे, म्हणजे आपल्या भाषेत मींड घेणे, सोपे जाते. पण त्याच कारणाने स्वर जागेवर स्थिर ठेवणे कठीण होते आणि दमसास अधिक लागतो. फट लहान असेल तर स्वर आपोआप जागेवर बसतो, हळू वाजवणे सोपे जाते, पण मोठ्याने फुंकल्यावर आवाज आवळल्यासारखा होतो. या फटीच्या जोडीला फेसिंगची लांबी येते, म्हणजे रीड माउथपीसच्या कडांपासून जिथून दूर होऊ लागते तिथपासून टोकापर्यंतचे अंतर. मोठी फट आणि आखूड फेसिंग यांचा संयोग रीडला फार एकाएकी वाकवतो आणि नवख्याला चिवट वाटतो.

फटीइतकेच, माझ्या मते फटीपेक्षाही जास्त, महत्त्व आतल्या आकाराला आहे. माउथपीसच्या टोकातून आत पाहिल्यावर रीडच्या समोर जो उतार दिसतो त्याला बॅफल म्हणतात. तो उंच आणि सपाट असला की हवा अरुंद वाटेने वेगात जाते आणि स्वर तेजस्वी, धारदार होतो. उतार खोल असला की स्वर काळसर आणि गोल होतो. त्याच्या पुढची पोकळी, म्हणजे चेंबर, मोठी आणि गोल असेल तर स्वर पसरतो, लहान असेल तर एकवटतो. अडॉल्फ साक्सने १८४६ साली पॅरिसमध्ये या वाद्याचे पेटंट घेतले त्या काळातल्या माउथपीसांची पोकळी मोठी आणि गोलच असे. धारदार स्वराची मागणी पुढे नाचाच्या बँडमध्ये आणि नंतर विजेच्या गिटारींच्या शेजारी उभे राहण्याच्या गरजेतून वाढली.

आपल्याला मऊ आणि भरीव स्वर हवा आहे, म्हणून १.७० ते १.८० मिलिमीटर फटीचा, खोल बॅफलचा, मध्यम पोकळीचा, एबोनाइटचा (कडक रबराचा) माउथपीस पाहावा असे मी सुचवतो. यापुढे दोन मिलिमीटरकडे एकदम उडी मारू नये. अशी उडी मारलेले अनेक विद्यार्थी मी पाहिले आहेत. पहिला आठवडा मोठ्या आवाजाच्या आनंदात जातो आणि मग खालचा ओठ चावला जाऊ लागतो, तार सप्तक चढते आणि मंद्रातला स्वर हळू निघेनासा होतो.

दुकानात जाताना आपले स्वतःचे वाद्य, सवयीच्या दोन रीड आणि ट्यूनर घेऊन जावे. एका बैठकीत तीनपेक्षा जास्त माउथपीस वाजवू नयेत, कारण चौथ्यापर्यंत ओठ थकलेला असतो आणि थकलेल्या ओठाला सगळ्यात सैल माउथपीस सगळ्यात चांगला वाटतो. वेगवान ताना वाजवून पाहण्याचा मोह सर्वांना होतो, पण त्यातून बोटांची परीक्षा होते, माउथपीसची होत नाही. त्याऐवजी सर्वांत खालचा बी फ्लॅट जितका हळू काढता येईल तितका हळू काढावा. मग ऑक्टेव्ह की, म्हणजे वरचे सप्तक काढणारी कळ, न बदलता एखादा लांब स्वर धरून तो शांतपणे वाढवावा आणि विरू द्यावा. शेवटी आपल्याला तोंडपाठ असलेल्या एखाद्या भावगीताची संथ ओळ मींडेसह वाजवावी. हे सर्व दोन-तीन मीटर अंतरावर ठेवलेल्या फोनवर ध्वनिमुद्रित करून दुसऱ्या दिवशी ऐकावे. वाजवणाऱ्याला स्वतःचा स्वर वरच्या दातांतून, कवटीच्या हाडांतून ऐकू येतो आणि तो समोर बसलेल्याला ऐकू येणाऱ्या स्वराहून बराच वेगळा असतो, म्हणून ही खबरदारी.

प्रश्न : मी बँड पथकात टेनर सॅक्सोफोन वाजवतो. वरातीत ट्रम्पेट आणि स्पीकरच्या गाडीपुढे माझा आवाज ऐकू येत नाही. धातूचा माउथपीस घेतला तर आवाज मोठा होईल का? (एक वाचक, कोल्हापूर)

उत्तर : धातूमुळे आवाज मोठा होतो ही समजूत फार जुनी आहे आणि ती निर्माण होण्याचे कारणही समजण्यासारखे आहे. बाजारात मिळणाऱ्या धातूच्या अनेक माउथपीसांचे बॅफल उंच आणि पोकळी अरुंद असते. आवाजाचे तेज त्या आकारातून येते. तोच आतला आकार एबोनाइटमध्ये कोरला तर समोरच्या श्रोत्याला फरक ओळखणे कठीण जाईल. धातू मजबूत असल्यामुळे माउथपीस बाहेरून बारीक करता येतो, तोंडात तो लहान वाटतो आणि दातांना त्याचे कंपन वेगळे जाणवते. ही जाणीव खरी आहे, पण ती वाजवणाऱ्याची आहे. तेव्हा उंच बॅफलचा माउथपीस मागावा आणि तो ज्या पदार्थाचा आपल्या तोंडाला सोयीचा वाटेल त्या पदार्थाचा घ्यावा.

मात्र पैसे खर्च करण्यापूर्वी एक काम अवश्य करावे. वरातीत उन्हापावसात वाजणाऱ्या वाद्यांची पॅड लवकर कडक होतात आणि भोकांवर नीट बसत नाहीत. वाद्याच्या आत लहान दिवा सोडून अंधाऱ्या खोलीत पॅड बंद करून पाहिले तर जिथे गळती असेल तिथे प्रकाशाची रेघ दिसते. गळक्या वाद्यावर कितीही धारदार माउथपीस लावला तरी वादक फक्त लवकर दमतो. मंद्रातले स्वर जोर लावल्याशिवाय निघत नसतील तर आधी पॅड दुरुस्त करून घ्यावीत. कदाचित नव्या माउथपीसची गरजच उरणार नाही.

गरज उरलीच, तर दोन गोष्टींची तयारी ठेवावी. धातूचा माउथपीस बारीक असल्यामुळे आपले आताचे लिगेचर, म्हणजे रीड आवळून धरणारा पट्टा, त्याला बसणार नाही. त्याच मापाचे लिगेचर सोबत घ्यावे, नाहीतर रीड एका बाजूला सरकत राहील. आणि फट वाढवाल तितकी रीड मऊ करावी लागेल. सध्या आपण तीन क्रमांकाची रीड वापरत असाल तर अडीच किंवा दोन क्रमांकावर यावे लागेल, यात कमीपणा काही नाही. तरीही ओठाला सर्वांत जास्त सांभाळावे. वरात चार-पाच तास चालते आणि पहिल्या तासात आवाज गाठण्यासाठी ओठ आवळणारा वादक शेवटच्या तासात सुरात राहू शकत नाही.

प्रश्न : मी आमच्या भजनी मंडळात अल्टो वाजवते. वाढदिवसाला मिळालेला नवा माउथपीस कॉर्कवर अर्ध्यापर्यंतच जातो आणि तिथे घट्ट अडकतो. पेटीबरोबर वाजवल्यावर सगळे स्वर खाली येतात आणि वरचे तर जास्तच उतरतात. जुना माउथपीस याच जागी बरोबर वाजत असे. नवा माउथपीस सदोष आहे का? (एक वाचक भगिनी, पुणे)

उत्तर : आपल्या पत्रातले शेवटचे निरीक्षण, वरचे स्वर जास्त उतरतात हे, फार मोलाचे आहे आणि त्यावरूनच उत्तर मिळते. माउथपीस बहुधा सदोष नसावा, तो अजून आपल्या जागेवर पोहोचलेला नाही.

सॅक्सोफोनची नळी शंकूच्या आकाराची आहे. शंकूचे टोक कापलेले असते आणि त्या नसलेल्या टोकाच्या जागी माउथपीसची आतली पोकळी काम करते. ही पोकळी आणि शंकूचा गेलेला भाग यांचे आकारमान जुळले की मंद्र, मध्य आणि तार सप्तके एकमेकांशी जुळतात. माउथपीस पुरेसा आत गेला नाही तर पोकळी गरजेपेक्षा मोठी राहते. तिचा परिणाम लांब नळीच्या स्वरांवर थोडा आणि आखूड नळीच्या, म्हणजे वरच्या स्वरांवर अधिक होतो. म्हणून सगळे उतरते, पण वरचे जास्त उतरते. माउथपीस गरजेपेक्षा आत ढकलला तर याच्या उलट घडते आणि तार सप्तक चढू लागते. आपल्या नव्या माउथपीसची पोकळी जुन्यापेक्षा मोठी असणार, त्यामुळे त्याची योग्य जागा जुन्याच्या जागेपेक्षा आत आहे. जुनी खूण इथे उपयोगी पडणार नाही.

तिथपर्यंत पोहोचायचे तर आधी कॉर्कचा, म्हणजे नेकच्या (वाद्याच्या वरच्या वाकड्या नळीच्या) टोकावरच्या ज्या वेष्टनावर माउथपीस बसतो त्याचा, प्रश्न सोडवावा लागेल. माउथपीसच्या मागच्या भोकाचा व्यास प्रत्येक कंपनीचा थोडा वेगळा असतो. प्रथम कॉर्कला कॉर्क ग्रीस लावून, दोन्ही हातांनी हळू फिरवत माउथपीस बसवून पाहावा. सरळ ढकलू नये, कॉर्क सुटते. नेकला ऑक्टेव्ह कीच्या जागी धरूनही जोर लावू नये, ती की वाकली तर नवाच त्रास सुरू होतो. ग्रीस लावूनही जात नसेल तर बारीक पॉलिश पेपरची बोटभर रुंद पट्टी घ्यावी आणि बूट चमकवताना फडके जसे पुढेमागे ओढतात तशी ती कॉर्कभोवती ओढावी. दर चार-पाच ओढींनंतर नेक थोडा फिरवावा, भुसा पुसावा आणि माउथपीस लावून पाहावा. घाई करू नये, कारण घासलेली कॉर्क परत येत नाही. शिवाय कॉर्क नव्याच्या मापाची झाली की जुना माउथपीस सैल बसेल. म्हणून नवा पक्का झाल्याशिवाय कॉर्कला हात लावू नये. दोन्ही वापरायचे असतील तर कॉर्क मोठ्या भोकाच्या मापाची ठेवून लहान भोकाचा माउथपीस ग्रीस लावून बसवता येतो का ते पाहावे. सैल माउथपीसवर कागदाची किंवा नळजोडणीच्या पांढऱ्या टेपची पट्टी गुंडाळणे हा कार्यक्रमाच्या दिवसापुरता उपाय आहे.

आता सूर मिळवण्याकडे वळू. अल्टोवर सीच्या बोटांनी काळी दोनचा स्वर निघतो. भजनाचा षड्ज काळी एकवर असेल तर तो आपल्याला बी फ्लॅटच्या बोटांवर मिळतो, काळी चारवर असेल तर एफच्या बोटांवर. वाद्य दहा मिनिटे फुंकून गरम करावे, कारण थंड नळीत सर्व स्वर उतरलेले असतात. हवेतला ध्वनीचा वेग तापमानाच्या दर अंशामागे सेकंदाला सुमारे ०.६ मीटरने वाढतो, त्यामुळे डिसेंबरातल्या पहाटेच्या काकड्याला आणि मे महिन्यातल्या दुपारच्या भजनाला माउथपीसची जागा एकच राहणार नाही. गरम झाल्यावर मधला एफ शार्प वाजवावा. तो पेटीवरच्या पांढरी सहाशी मिळाला पाहिजे. मिळवताना ट्यूनरकडे न पाहता डोळे मिटून, सैल ओठाने स्वर लावावा आणि मगच काट्याकडे नजर टाकावी. काट्याकडे पाहत वाजवले की ओठ नकळत स्वर ओढून घेतो आणि माउथपीसची चूक झाकली जाते. त्यानंतर मधला जी आणि ऑक्टेव्ह कीसह वरचा जी पाठोपाठ वाजवावेत. वरचा उतरत असेल तर माउथपीस अजून आत, चढत असेल तर बाहेर. जागा सापडली की कॉर्कवर पेन्सिलीने बारीक रेघ ओढून ठेवावी. आपल्या मंडळाची पेटीही एकदा ट्यूनरवर तपासावी. जुन्या पेट्यांचे सूर पांढरी सहा ४४० हर्ट्झवर धरणाऱ्या प्रचलित मापाला नेहमीच धरून असतात असे नाही, आणि अशा वेळी अल्टोने पेटीकडे जायचे असते, कारण पेटीला जागेवरून हलता येत नाही.

आणखी एक पडताळा आहे. नुसता माउथपीस, नेकशिवाय, मध्यम जोराने फुंकावा. अल्टोसाठी निघणारा स्वर वरच्या पांढरी सहाच्या, म्हणजे ८८० हर्ट्झच्या, आसपास असावा. टेनरसाठी तो पांढरी पाचच्या आसपास असतो. आपला स्वर याहून बराच वर निघत असेल तर आपण ओठ आवळत आहात, आणि मग पोकळीतली चूक आणि ओठातली चूक एकमेकांत मिसळून काहीच ठरवता येत नाही. माझ्या अनुभवात नव्या माउथपीसविषयीच्या निम्म्याहून अधिक तक्रारी या आवळण्यातून येतात. नवा माउथपीस परका वाटतो, परक्या वस्तूला माणूस घट्ट धरतो. दोन आठवडे रोज वीस मिनिटे फक्त लांब स्वर वाजवावेत, त्या काळात रीड, लिगेचर यांतले काहीही बदलू नये, आणि मगच निर्णय करावा.

प्रश्न : पावसाळा सुरू झाला की नव्या माउथपीसवर रीड चिरकते. तीच रीड जुन्यावर ठीक वाजते. (एक वाचक, मडगाव)

उत्तर : गोव्यातल्या वादकांनी मुंबईच्या चित्रपटसंगीताच्या वाद्यवृंदांना किती मोठा हात दिला हे सर्वांना ठाऊक आहे, आणि त्या पिढीला दमट हवेतली रीड सांभाळण्याची कला चांगली अवगत होती. रीड बोरूसारख्या वनस्पतीची असते आणि ओल शोषून फुगते, वाळताना वाकते. पाठ सपाट राहिली नाही की ती माउथपीसच्या सपाट भागावर पूर्ण टेकत नाही. जुन्या माउथपीसच्या लहान फटीत हा दोष लपत होता, नव्याने तो उघडा केला.

रीड वाजवण्यापूर्वी दोन-तीन मिनिटे पाण्यात भिजवावी. लावताना तिचे टोक माउथपीसच्या टोकाशी जवळजवळ समतल, केसभर खाली आणि बरोबर मध्यावर असावे. लिगेचरचे स्क्रू रीड सरकणार नाही इतकेच आवळावेत. मग माउथपीसचे मागचे भोक तळहाताने बंद करून आतली हवा ओढून घ्यावी आणि ओठ काढावेत. रीड क्षणभर चिकटून राहून मग टप् आवाज करत सुटली तर ती नीट बसली आहे. लगेच सुटली तर काचेवर तिची पाठ हळूच घासून सपाट करावी आणि पुन्हा पाहावे. तीन-चार चांगल्या रीड या परीक्षेत नापास झाल्या तर मात्र माउथपीसच्याच कडा असमान असू शकतात आणि तो बदलून मागावा. रीड काचेच्या सपाट डबीत ठेवाव्यात आणि चार रीड आळीपाळीने वापराव्यात.

सर्व ठीक असूनही चिरकत असेल तर ओठाची जागा पाहावी. रीड आणि माउथपीसच्या मध्ये कागदाची पट्टी सरकवावी. ती जिथे अडेल तिथे खालचा ओठ आला पाहिजे. फेसिंगची लांबी बदलली की ही जागाही बदलते, हे बहुतेकांच्या लक्षात येत नाही.

प्रश्न : ऑनलाइन जुना एबोनाइटचा माउथपीस घेतला. तो हिरवट तपकिरी झाला आहे, गंधकासारखी चव लागते. टोक थोडे झिजले आहे. ते घरी घासून दुरुस्त करू का? (एक वाचक, ठाणे)

उत्तर : घासू नये. टोकाच्या आणि कडांच्या आकारात केसाच्या जाडीइतकी चूक झाली तरी माउथपीस कायमचा बिघडतो. हे काम काचेच्या मापाने आणि पातळ पात्यांनी मोजून करणाऱ्या जाणकाराकडेच द्यावे. रंग आणि चव यांचे कारण असे की एबोनाइट म्हणजे गंधक घालून कडक केलेले रबर, आणि ऊन व उष्णता लागली की त्यातले गंधक पृष्ठभागावर येऊ लागते. तरुणपणी मी माझा पहिला चांगला माउथपीस निर्जंतुक करायचा म्हणून उकळत्या पाण्यात टाकला होता. पाच मिनिटांत तो हिरवा झाला आणि त्याची फटही बदलली. त्याचे दुःख मला आजही आहे, म्हणून हे सविस्तर सांगतो. कोमट पाणी, सौम्य साबण आणि मऊ ब्रश एवढेच वापरावे. आत क्षारांचा पांढरा थर असेल तर व्हिनेगरमध्ये भिजवलेला कापूस काही मिनिटे त्या जागी ठेवून लगेच धुवावे. दातांच्या जागी पातळ रबरी पॅच लावला तर चवीचा त्रास कमी होईल आणि दात घसरणार नाहीत. धुतल्यावर वर सांगितलेली हवा ओढण्याची परीक्षा घ्यावी. माउथपीस त्यात उतरला तर रंगाची चिंता न करता वाजवावा.